टूथब्रशच्या मुळाशी अडकलेलं पाणी

पावसाळा लागला की मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो : टूथब्रशवर संडासापेक्षा जास्त जंतू असतात, म्हणून तो रोज उकळत्या पाण्यात बुडवा. यातला पहिला भाग नुसता घाबरवणारा आहे आणि दुसरा ब्रशचं वाटोळं करणारा. ब्रशच्या तंतूंचा नायलॉन उकळत्या पाण्यात वितळत नाही, पण मऊ पडतो, आणि वाकलेले तंतू मग तसेच राहतात. ब्रशवर जंतू असणारच, ते आपल्याच तोंडातून येतात. त्यांच्यामुळे निरोगी माणूस आजारी पडतो, असा पुरावा नाही. खरा प्रश्न ब्रश किती वेळ ओला राहतो हा आहे. ओल टिकली तर जंतू वाढतात. ब्रश कोरडा झाला की तोंडातून आलेले बहुतेक जंतू मरू लागतात.

आणि ही ओल सहजासहजी जात नाही, याचं कारण आहे केशाकर्षण. ब्रशचा एक तंतू साधारण 0.2 मिलिमीटर जाड असतो. बहुतेक ब्रशांत अशा तंतूंचा झुपका मधोमध दुमडून, धातूच्या बारीक पट्टीनं भोकात ठोकून बसवलेला असतो. मुळाशी दोन तंतूंमधली फट 0.1 मिलिमीटरपेक्षाही कमी. दिव्याची वात तेल ओढून धरते, तसं या फटी पाणी धरून ठेवतात. 0.1 मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी सुमारे 15 सेंटीमीटर चढतं. नायलॉनवर पाणी काचेइतकं पसरत नाही, त्यामुळे हा आकडा बराच खाली येतो. पण तंतूची लांबी असते जेमतेम 1 सेंटीमीटर. म्हणजे ब्रश उभा ठेवा नाहीतर उलटा टांगा, गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर मुळातलं पाणी उतरत नाही.

काचेचाच 15 सेंटीमीटरचा आकडा धरला तरी 1 सेंटीमीटरच्या तंतूंतलं ते पाणी उखडायला गुरुत्वाच्या 15 पट जोर हवा. तो हातात आहे. सेकंदाला 1 मीटर वेगानं येणारी ब्रशची दांडी दगडाच्या कडेवर आपटून 1 मिलिमीटरच्या आत थांबली, तर मिळणारा झटका गुरुत्वाच्या सुमारे 50 पट असतो. म्हणून चूळ भरून झाली की ब्रश नुसता झाडू नका. तंतू खाली करून दांडी न्हाणीच्या दगडावर चार-पाच वेळा ठोका. उरलेलं पाणी वाऱ्यावर सोडायचं.

ठोकण्याआधी धुणं नीट हवं. पेस्ट वाळू नये म्हणून तिच्यात सॉर्बिटॉल आणि ग्लिसरीन घालतात. हेच पदार्थ मुळाशी राहिले तर ते हवेतली ओल धरून ठेवतात. अंगठ्यानं तंतू मागेपुढे फाकवत, गडव्यातून पाण्याची धार थेट मुळावर सोडा. अर्धा गडवा पुरतो. ब्रश बादलीत किंवा टाक्यात बुचकळू नका. शेवटची धार पिण्याच्या पाण्याची असावी, विशेषतः पुरानंतर विहीर गढूळ असेल तेव्हा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात तर बोअरचं खारं पाणी टाळाच, त्यातलं मीठ तंतूंवर राहतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की साधं मीठ स्वतःच पाझरू लागतं, मग तंतू वाळणार कसे?

विदर्भात मे महिन्यात दुपारची आर्द्रता 20-25 टक्क्यांवर उतरते, तेव्हा ब्रश आपोआप वाळतो. श्रावणात तीच 80 च्या पुढे असते आणि सकाळचा ब्रश रात्रीही ओलाच लागतो. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत माणशी दोन ब्रश ठेवून आलटूनपालटून वापरावेत. ब्रशसोबत मिळणारी टोपी फक्त प्रवासापुरती. तिच्या आत हवा कोंडते आणि वाळणं थांबतं. जागा संडास-न्हाणीपासून दूर, वारा लागणाऱ्या सावलीत. पेला असेल तर तंतू वर, कारण बुळबुळीत थर तळाशी साचतो. तो पेला आठवड्याला भांड्यांच्या पावडरनं घासा. घरातल्या सगळ्यांचे ब्रश एकाच पेल्यात एकमेकांना टेकवून ठेवू नका आणि दुसऱ्याचा ब्रश कधीच वापरू नका. हिरड्यांतून रक्त येतं, आणि हिपॅटायटिस-बी या रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा विषाणू वाळलेल्या पृष्ठभागावरही किमान 7 दिवस तग धरतो.

अतिनील दिव्याच्या डब्या, ‘जंतुरोधक’ तंतू यांवर पैसे घालवू नका. प्रकाश मुळाशी, तंतूंच्या सावलीत पोचतच नाही. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणाऱ्या डच लेवेनहूकनं 1683 च्या सुमारास दातांवरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हाच त्याला दिसलं होतं की व्हिनेगरनं फक्त थराच्या बाहेरचे जीव मरतात, आतले नाहीत. घरात कुणाची प्रतिकारशक्ती खालावली असेल, कर्करोगाचे उपचार सुरू असतील, तर धुतलेला ब्रश मेडिकलमधल्या 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दहा-पंधरा मिनिटं बुडवून पुन्हा धुवावा. इतरांना रोज याची गरज नाही.

तीन-चार महिन्यांनी, किंवा तंतू फाकले की त्याआधीच, ब्रश बदला. जुना ब्रश कपाशीच्या फवारणी पंपाचं नोझल साफ करायला उत्तम. तोंडानं फुंकून साफ करण्यापेक्षा कितीतरी बरा. फक्त तो वावरात नेण्याआधी त्याची दांडी अर्ध्यात मोडा आणि कीटकनाशकाच्या सामानातच ठेवा, म्हणजे लेकराच्या हाती चुकूनही दात घासायला लागणार नाही.