लो-फ्लोअर बस आणि 'पोट घासण्याची' गोष्ट

'लो-फ्लोअर बसचं पोट रस्त्याला टेकलेलं असतं, आपल्या स्पीडब्रेकरवर ती घासणारच,' असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो.

शंका रास्त आहे, पण इथे दोन उंचींची गल्लत होते. एक, आपण उभे राहतो त्या फळीची. दुसरी, गाडीच्या सर्वांत खालच्या भागाची. जुन्या बसची फळी सुमारे ९० ते ११० सेंमी उंच, कारण ती ट्रकच्या चासीवर, म्हणजे सांगाड्यावर बांधलेली. तरी तिच्या मागच्या अॅक्सलवरचा, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा, डिफरन्शियलचा (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा फळीच्या बराच खाली लोंबतो. वाकून पाहा, दिसेल. म्हणजे फळी उंच म्हणून पोटही तितकंच उंच, असं नसतं. लो-फ्लोअरमध्ये इंजिन मागे नेऊन आणि अॅक्सलचा मधला भाग खाली घेऊन फळी सुमारे ४० सेंमीवर आणलेली असते. स्टॉपवर टेप लावून मोजता येतं. दाराशी बस झुकते ती थांबल्यावर, हवेच्या सस्पेन्शनमुळे. निघताना पुन्हा वर येते.

घासतच नाही असं मात्र नाही. चाकांपुढचा लांब भाग उभट उंचवट्यावर लागतो. पण मानकातला स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद, म्हणजे पसरट असतो. आपल्या गल्लीतला मोजून बघा!