सायलोसायबिनच्या औषधी दाव्यांची पार्श्वभूमी

नैराश्य, कर्करोगाच्या रुग्णांना ग्रासणारे मृत्युभय, दारू-तंबाखूची व्यसने अशा विकारांवर सायलोसायबिन हे द्रव्य उपयोगी पडू शकते, अशा बातम्या गेल्या काही वर्षांत वारंवार वाचनात येतात. काही विशिष्ट जातींच्या अळंबीत सापडणारे, भास घडवणारे हे द्रव्य नव्यानेच हाती लागले असावे, असा समज त्या वाचून होतो. प्रत्यक्षात त्याची वैद्यकीय तपासणी साठहून अधिक वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. ती घाईने बिघडली, कायद्याने थांबली आणि नव्वदच्या दशकात पुन्हा हळूहळू उभी राहिली. आजच्या दाव्यांना किती वजन द्यायचे हे ठरवताना ही मधली हकीकत माहीत असणे फार गरजेचे आहे.

मेक्सिकोत या अळंबीचा वापर स्पॅनिश आक्रमणाच्या आधीपासून होता. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने नाहुआ लोकांकडून ऐकून केलेल्या नोंदींत मेजवानीतल्या अळंबीचे वर्णन आहे. लोक ती मधाबरोबर खात. मग कोणी नाचे, कोणी रडे, कोणाला आपण युद्धात पकडले गेल्याचे दिसे, तर कोणाला आपण श्रीमंत झाल्याचे. अंमल उतरला की सगळे एकत्र बसून आपापले दर्शन एकमेकांना सांगत. चर्चने हा प्रकार सैतानी ठरवला आणि तो डोंगराळ भागांत लपून राहिला. इतका, की १९१५ साली एका अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्या ग्रंथांतली ती 'अळंबी' म्हणजे वाळवलेले निवडुंगच, असे प्रतिपादन केले. तो गैरसमज दूर व्हायला १९३० च्या दशकाची अखेर उजाडली. त्या सुमारास रिचर्ड इव्हान्स शुल्ट्स यांनी वाहाका राज्यातल्या मासातेक लोकांच्या प्रदेशातून प्रत्यक्ष नमुने गोळा केले.

मासातेकांच्या हुआउत्ला दे हिमेनेस या गावात मारिया सबिना ही उपचार करणारी स्त्री राहत असे. अळंबीचा विधी रात्री होई. अळंबी जोडीजोडीने मोजून दिली जाई, कोपालचा धूप जळे, मेणबत्त्या विझवल्या जात आणि अंधारात ती पहाटेपर्यंत गात, मंत्र म्हणत बसे. आजाऱ्याला काय झाले आहे आणि तो बरा होईल का, हे जाणून घेण्यासाठी हा विधी असे. २९ जून १९५५ च्या रात्री न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचे उपाध्यक्ष गॉर्डन वासन यांनी तिच्यासमोर बसून अळंबीच्या सहा जोड्या खाल्ल्या आणि मे १९५७ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात त्याचा सचित्र वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांनी तिचे नाव बदलले होते, तरी गाव ओळखले गेलेच. पुढल्या दशकात परदेशी तरुणांचे लोंढे तिथे पोहोचले, पोलिसांचा ससेमिरा लागला, तिचे घर जाळले गेले. वासन येण्यापूर्वी केवळ देव शोधण्यासाठी कोणी अळंबी खात नसे, आजारी माणूस बरा व्हावा म्हणूनच खात, असे तिने पुढे सांगितले. परके आल्यापासून अळंबीची शक्ती गेली, असेही ती म्हणे. या द्रव्याच्या औषधी उपयोगाची चर्चा ज्या समाजाच्या ज्ञानातून निघाली, त्याच्या पदरात आजवर फारसे काही पडलेले नाही, हे मला या इतिहासातले सर्वांत बोचणारे सत्य वाटते.

पुढची पायरी प्रयोगशाळेत घडली. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयातले बुरशीशास्त्रज्ञ रोजे हाइम यांनी मेक्सिकोतल्या अळंबीची लागवड यशस्वी केली आणि वाळवलेला माल बाझेलमधल्या सँडोझ कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांच्याकडे पाठवला. प्राण्यांवरील चाचण्यांतून काही स्पष्ट होईना, तेव्हा हॉफमन यांनी ३२ वाळक्या अळंब्या स्वतः खाऊन पाहिल्या. १९५८ मध्ये त्यांनी सायलोसायबिन आणि सायलोसिन ही दोन द्रव्ये वेगळी काढली. पुढे ती कृत्रिमरीत्याही तयार झाली. १९६२ मध्ये त्यांनी हुआउत्लाला जाऊन मारिया सबिनाला आपल्या गोळ्या दिल्या, तेव्हा गोळीतही अळंबीचीच शक्ती आहे असा निर्वाळा तिने दिला. सँडोझने 'इंडोसायबिन' या नावाने हे द्रव्य संशोधकांना पुरवले.

त्याच वर्षी, २० एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी बॉस्टन विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. दहा जणांना सायलोसायबिन आणि दहा जणांना निकोटिनिक आम्ल दिले गेले. या आम्लाने चेहरा तापतो, म्हणून तेच खरे औषध असा भास होईल ही अपेक्षा होती. पण थोड्याच वेळात कोणाला काय मिळाले हे सर्वांना कळून चुकले. सायलोसायबिन घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी गाढ आध्यात्मिक अनुभव सांगितला. मात्र त्यांतल्या एकाला शांत करण्यासाठी इंजेक्शन द्यावे लागले होते, आणि ही गोष्ट मूळ अहवालात नव्हती. १९९१ साली झालेल्या पुनर्तपासणीत ती उघड झाली. लाभाची बाजू ठळक आणि त्रासाची बाजू दबलेली, हा दोष या क्षेत्राला सुरुवातीपासूनच चिकटलेला आहे. हार्वर्डमधले टिमोथी लिअरी तर संशोधक कमी आणि प्रचारक अधिक झाले. १९६३ मध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. १९६५ मध्ये सँडोझने पुरवठा बंद केला, १९७० च्या अमेरिकी कायद्याने या द्रव्याला सर्वांत कडक यादीत टाकले आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ती बंदी जगभर पसरली.

बंदीमुळे पडलेल्या खंडानंतरचे काम जाणीवपूर्वक सावध होते. झ्युरिकमध्ये फ्रान्झ फोलेनवायडर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले, की मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे '२ए' ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशींवरची ते रसायन स्वीकारणारी ठिकाणे) आधीच रोखून धरले तर सायलोसायबिनचे मानसिक परिणाम जाणवत नाहीत. शरीरात सायलोसायबिनचे सायलोसिन होते आणि ते याच ग्राहकांवर काम करते. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रोलंड ग्रिफिथ्स यांनी निरोगी स्वयंसेवकांवरचा काटेकोर अभ्यास प्रसिद्ध केला. आधी अनेक तासांच्या ओळखीच्या बैठका, मग दिवाणखान्यासारखी सजवलेली खोली, कोचावर आडवा झालेला स्वयंसेवक, डोळ्यांवर पट्टी, कानांवर संगीत आणि दिवसभर शेजारी बसलेले दोन प्रशिक्षित सोबती, अशी ती रचना होती. हुआउत्लाच्या रात्रीशी तिचे नाते मला उघड दिसते. आज ज्याला या द्रव्याचा फायदा म्हटले जाते तो बहुतांशी अशा रचनेत मोजलेला आहे आणि त्या रचनेतून द्रव्य सुटे काढून त्याचे गुण गाणे हे पुराव्याला धरून होत नाही.

२०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि न्यूयॉर्क विद्यापीठ यांचे कर्करुग्णांवरील दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. पहिल्यात ५१ आणि दुसऱ्यात २९ रुग्ण होते. बहुसंख्यांची चिंता आणि खिन्नता सहा महिन्यांनंतरही कमी राहिलेली आढळली. नैराश्यावरची सर्वांत मोठी आरंभीची चाचणी २०२२ मध्ये आली. तिच्यात औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे २३३ रुग्ण होते आणि तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमची एक मात्रा १ मिलिग्रॅमपेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. पण काळानुसार परिणाम ओसरताना दिसला आणि काही रुग्णांत आत्महत्येचे विचारही नोंदले गेले. त्याआधी २०२१ मध्ये ५९ रुग्णांवर एस्सिटॅलोप्राम या प्रचलित औषधाशी झालेल्या तुलनेत मुख्य मोजपट्टीवर लक्षणीय फरक निघाला नव्हता. गुड फ्रायडेची अडचणही कायम आहे: खरे औषध कोणाला मिळाले हे रुग्णाला कळतेच आणि मग आशेचा भाग किती, द्रव्याचा किती, हे वेगळे करता येत नाही. अत्यल्प मात्रा नेमाने घेण्याच्या सध्याच्या प्रथेविषयी २०२१ मध्ये १९१ जणांच्या अभ्यासातून जे लाभ दिसले, ते निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांतही जवळपास तितकेच होते. स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला स्किझोफ्रेनिया अथवा द्विध्रुवी विकार असलेल्यांना बहुतेक चाचण्यांतून वगळले जाते. त्यामुळे अशा व्यक्तींबाबत सुरक्षिततेचा निष्कर्ष या आकड्यांतून काढता येत नाही.

कायद्याचे चित्र देशागणिक निराळे आहे. ओरेगॉन राज्यातील मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये देखरेखीखालच्या वापराला मान्यता दिली आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना औषधांना न जुमानणाऱ्या नैराश्यासाठी ते वापरण्याची परवानगी दिली. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या सूचीत सायलोसायबिन समाविष्ट आहे. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन प्रकरणात अळंबी ही नैसर्गिक बुरशी असून तिला कायद्यातले 'मिश्रण' मानता येणार नाही, असे मत दिले. त्याचा संबंध जप्त मालाचे वजन कसे धरावे याच्याशी होता. त्यातील सायलोसायबिनवरची बंदी त्याने उठलेली नाही.