‘टू एक्स’चा ठोकताळा आला कुठून?

मुंबईच्या ट्रॉम्बे-माहुल पट्ट्यात एखाद्या पंपाचं कपलिंग, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग, वरचेवर झिजायला लागलं की स्पेक्ट्रम, म्हणजे कंपनाचा वारंवारतेनुसार काढलेला आलेख, बघणारा पटकन म्हणतो, ‘टू एक्स दिसतोय, अलाइनमेंट गेलंय.’ फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारतेवर कंपन वाढलं की दोन शाफ्ट एका रेषेत नाहीत, असा हा ठोकताळा. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे, आणि त्याच्या भरवशावर मोटर हलवणं मला पटत नाही.

गिरण्यांच्या मुंबईत हा दोष डोळ्यांनीच पकडत. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवच्या गिरणीचा पाया घातला. अशा गिरण्यांत वाफेच्या इंजिनावरून दोर आणि पट्ट्यांनी सगळी खाती फिरत. शाफ्ट तिरका असेल तर पट्टा पुलीवरून सरके. 1915 साली खोपोलीची वीज गिरण्यांना मिळू लागली. पुढे मोटर थेट यंत्राला जोडायची पद्धत रुळली. 1954 आणि 1955 मध्ये माहुलला रिफायनऱ्या उभ्या राहिल्या. तिथल्या, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरणाऱ्या पंपांवर मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब ठेवावा लागतो. अनुभवी फिटर बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावत. बिघाड कळे, कारण कळेलच असं नाही.

अमेरिकेत टी. सी. रॅथबोन या विमा कंपनीतल्या अभियंत्यानं 1939 मध्ये किती कंपन चालेल याचा तक्ता छापला. 1974 च्या आयएसओ 2372 या आंतरराष्ट्रीय मानकानं तोच प्रश्न कंपनाच्या वेगात, मिलिमीटर प्रति सेकंदात बांधला. दोन्ही ‘किती’ सांगतात. ‘का’ कळायला कंपनाचे घटक सुटे करावे लागतात. त्याचं गणित फ्रेंच गणितज्ञ फूरियेनं 1822 मध्ये मांडलं होतं, पण 1965 मध्ये कूली आणि टुकी यांची झटपट आकडेमोडीची रीत आल्यावरच ते यंत्राशेजारी वापरता येऊ लागलं.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि ठोकताळा नेमका तिथेच फसतो. दोन पोलची मोटर 2,960 आरपीएमनं फिरत असेल तर टू एक्स 98.7 हर्ट्झवर येतो. मोटरमधला विजेचा दोष विजेच्या दुप्पट वारंवारतेवर, म्हणजे 100 वर. हजार हर्ट्झपर्यंतचा स्पेक्ट्रम 400 रेषांत, म्हणजे तितक्या सारख्या घरांत, घेतला तर एक रेष अडीच हर्ट्झची, म्हणजे दोन्ही शिखरं एकच दिसतात. रेषा वाढवा, किंवा वीज तोडून बघा: विजेचं कंपन त्याच क्षणी नाहीसं होतं, यांत्रिक मात्र फेऱ्यांबरोबर हळूहळू उतरतं.

माझ्या मते खरा साक्षीदार फेज, म्हणजे एक कंपन दुसऱ्याच्या किती पुढे-मागे आहे याचं अंशांतलं माप. जुन्या उपकरणांत तो लयीत लुकलुकणाऱ्या स्ट्रोब दिव्याखाली शाफ्टवरची खूण बघून मोजत. शाफ्ट कोनात असतील तर कपलिंगच्या दोन बाजूंच्या अक्षीय (शाफ्टच्या लांबीच्या दिशेतल्या) कंपनांत सहसा 180 अंशांच्या आसपास फरक येतो, आणि वन एक्सच (फेऱ्यांइतक्याच वारंवारतेचं कंपन) टू एक्सपेक्षा मोठा असू शकतो. मात्र दोन बाजूंना सेन्सर उलटसुलट तोंडानं लावले असतील तर ते 180 अंश आधी हिशेबात धरायला हवेत; नाहीतर निदान बरोबर उलटं होतं.

गरम तेलाच्या पंपावर फेज दोनदा घ्यावा, सुरू करताना आणि पूर्ण तापल्यावर. पायापासून शाफ्टपर्यंत 500 मिलिमीटर पोलाद असेल आणि ते मोटरपेक्षा 50 अंशांनी जास्त तापत असेल, तर पंपाचा शाफ्ट सुमारे 0.3 मिलिमीटर जास्त वर येतो. थंड असताना मोटरखाली तेवढ्या जाडीचे शिम, म्हणजे पातळ पत्रे, जास्त घालावे लागतात.