"शांती करणारे" म्हणजे नेमके कोण? थोडी पार्श्वभूमी

आमच्या ठाण्यात रविवारच्या मराठी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या आधी फादर सांगतात, एकमेकांना शांतीचं चिन्ह द्या, की सगळे इकडेतिकडे वळून हात जोडतात. गावठाणातल्या घराच्या ओटीवरून अबोला धरलेले दोन सख्खे भाऊ पण जोडतात, एक तिसऱ्या बेंचवर, दुसरा सहाव्या, हात छातीशी आणि नजर पंख्याकडे. ते बघून वाटलं की ही पद्धत आली कुठून ते जरा लिहावं.

बायबलच्या नव्या करारात, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात "शांती करणारे" धन्य, त्यांना देवाचे पुत्र म्हणतील, असं येशू म्हणतो. ग्रीकमध्ये शब्द आहे आयरेनोपोयोस, नव्या करारात हा शब्द असा एकदाच येतो. आता गंमत अशी की त्या काळी शांती करणं हे सम्राटाचं खातं होतं. सम्राट ऑगस्टस स्पेन आणि गॉलहून (आजच्या फ्रान्सकडून) परतला म्हणून रोमच्या सिनेटने शांतीची वेदी बांधायला घेतली, इ.स.पू. 9 मध्ये तिचं अर्पण झालं, म्हणजे आधी सैन्य पाठवायचं आणि मग वेदी. नाण्यांवर हाच माणूस देवाचा पुत्र म्हणून मिरवायचा. आणि इकडे गालिलातला एक सुतार कोळ्या-शेतकऱ्यांना सांगतोय की देवाचे पुत्र तुम्हाला म्हणतील! ऐकणाऱ्यांपैकी कोणाला तरी घाम फुटला असणार.

त्याच अध्यायात पुढे म्हटलंय की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हे शब्दशः घेतलं. रोममध्ये साधारण इ.स. 150 च्या सुमारास जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की प्रार्थना झाल्या की आम्ही एकमेकांचं चुंबन घेतो आणि मगच भाकर आणि द्राक्षारस आणला जातो. आधी भाऊ, मग वेदी. नंतर 416 मध्ये पोप पहिला इनोसंट याने इटलीतल्या गुब्बिओच्या बिशपला पत्रात कळवलं की शांतीचं चुंबन मिस्साच्या शेवटाकडे द्यायचं, आणि रोमन विधीत ते तिथेच राहिलं. त्यामागे कारणं होती, पण मला विचाराल तर तिथेच सोय झाली, दान आधीच देऊन झालेलं असतं ना.

ठाण्याचा संबंधही आहे. 1219 मध्ये क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्धाच्या ऐन लढाईत संत फ्रान्सिस इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिलला भेटायला गेला, कोणी कोणाचा धर्म बदलला नाही, पण सुखरूप परत आला. त्याच्याच संघाचे चौघे 1321 मध्ये ठाण्यात उतरले. ओडोरिक या त्याच संघाच्या प्रवाशाच्या वृत्तांतात आहे की ज्यांच्या घरी ते राहिले तिथे नवराबायकोचं भांडण झालं, बायको काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावं सांगितली. विषय घरगुती मारहाणीचा, पोचला धर्माच्या वादावर, कोणीच मागे हटलं नाही आणि चौघे मारले गेले. चर्च त्यांना हुतात्मे मानतं, ते बरोबरच, पण शांती करणारे म्हणताना मी अडखळतो. त्या बाईच्या तक्रारीचं पुढे काय झालं ते कोणी लिहून ठेवलं नाही.

हिब्रूत शांतीला शालोम म्हणतात आणि त्याच धातूपासून देणं फेडण्याचा शब्द होतो. त्या दोन भावांच्या ओटीची मोजणी अजून बाकी आहे.