साध्या पाकातलं ‘साधं’ काय?

फळाचं सिरप घरी करायची कुठलीही कृती काढा, सुरुवात ‘आधी सिंपल सिरप करून घ्या’ अशीच असते. साखर, पाणी, बस्स. करायला सोपं म्हणून ‘सिंपल’, असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं. पण हे नाव स्वयंपाकघरातलं नाहीच, ते औषधांच्या दुकानातून आलं. युरोपातले औषधविक्रेते नुसत्या साखरेच्या पाकाला लॅटिनमध्ये ‘सिरुपस सिंप्लेक्स’ म्हणत. सिंप्लेक्स म्हणजे ज्यात औषध घातलेलं नाही असा, कोरा पाक. त्यात कडू अर्क मिसळला की तो औषधी होई, फळाचा रस घातला की फळाचा.

‘सिरप’ हा शब्द अरबी ‘शराब’वरून आला. अरबीत ‘शरिबा’ म्हणजे प्यायला, आणि शराब म्हणजे कुठलंही पेय. त्याच मुळापासून सरबत आलं आणि इटलीमार्गे ‘सॉर्बे’ हा फळांच्या रसाचा बर्फाळ पदार्थही. म्हणजे दारू, सरबत आणि खोकल्याचं औषध ही तिन्ही एकाच घरातली भावंडं. साखरेचं नाव मात्र उलट्या दिशेने गेलं. संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे आधी खडी, वाळू. दाणेदार साखर भारतात तयार होऊ लागली तेव्हा तिलाही तेच नाव पडलं, आणि पुढे फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’ असं करत ते युरोपात पोचलं.

साखर हाताशी नव्हती तेव्हाही लोक फळांचा रस टिकवतच होते. रोमन लोक द्राक्षाचा रस आटवून घट्ट करत. त्याला ‘डेफ्रुटम’ किंवा ‘सापा’ म्हणत. हा रस शिशाच्या भांड्यात आटवावा, असा सल्ला त्यांचेच लेखक देत. रसातल्या आम्लाने शिसं विरघळतं आणि त्याचा क्षार चवीला गोड लागतो. पण ते विष आहे. आंबट फळ कुठल्या भांड्यात शिजवू नये याची ही बहुधा सगळ्यात जुनी धोक्याची गोष्ट.

पुढे अरबी वैद्यकात पाकांची नीट वर्गवारी झाली. रस नुसताच आटवला तर ‘रुब्ब’. रसात किंवा काढ्यात साखर घालून शिजवलं तर ‘शराब’. गुलाबपाण्याचा पाक म्हणजे ‘जुलाब’. मूळ फारसी शब्द ‘गुलाब’, म्हणजे फूल नव्हे, गुलाबाचं पाणी. युरोपात त्याचं ‘ज्युलेप’ झालं. आपल्याकडे त्याच शब्दाचं जे काही झालं ते सांगायला नको.

रुब्ब आणि शराब यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण घरच्या फळांच्या पाकाचा सगळा घोळ तिथेच आहे. रस आटवून टिकवायचा तर खूप उष्णता द्यावी लागते आणि फळाची ताजी चव उडून जाते. साखरेने टिकवायचा तर उष्णता कमी लागते, पण साखर भरपूर ओतावी लागते.

मध्ययुगीन युरोपात अशी भरपूर साखर ओतणं परवडणारं नव्हतं. साखर औषधविक्रेत्याकडे मिळायची, तीही मोजून. ज्याच्याकडे ऐन गरजेची वस्तूच नाही अशा माणसाला फ्रेंच लोक ‘साखर नसलेला औषधविक्रेता’ म्हणत. भविष्यांसाठी प्रसिद्ध असलेला नोस्त्रादामुस हा मुळात याच व्यवसायातला. 1555 मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात सौंदर्यप्रसाधनांसोबत फळं साखरेत मुरवण्याच्याही कृती आहेत. भविष्यांपेक्षा त्याच जास्त खात्रीच्या असाव्यात.

साखर स्वस्त झाली ती अमेरिका खंडातल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या उसामुळे, आणि तो ऊस पिकवला आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांनी. 1493 च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसने उसाची बेणी तिकडे नेली होती. पाकाच्या इतिहासात हा भाग एका वाक्यात उरकला जातो. मीही तेच केलं, पण त्याचं वजन बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त आहे. नंतर बीटची साखर आली. बीटात उसासारखीच साखर असते हे मार्गग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1747 मध्ये दाखवलं.

त्याच 1747 मध्ये जेम्स लिंड हा आरमारी डॉक्टर ‘सॉल्झबरी’ जहाजावर स्कर्व्हीच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या आजाराच्या, 12 रुग्णांवर वेगवेगळे उपाय करून पाहत होता. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. मग प्रश्न आला की फळं महिनोन्‌महिने समुद्रावर टिकवायची कशी. लिंडने जुना रुब्ब काढला. रस मातीच्या झिलईदार भांड्यात घ्यायचा, भांडं जवळजवळ उकळत्या पाण्यावर ठेवायचं आणि तासन्‌तास आटवून पाकासारखा घट्ट करायचा. दिसायला झकास, टिकायलाही चांगला. पण एवढ्या उष्णतेत क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होत होतं. ही गोष्ट कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री मिळेनाशी झाली तेव्हा जंगली गुलाबाच्या फळांचं, म्हणजे रोझहिपचं, सिरप करायची मोहीम निघाली. त्याच्या घरगुती कृतीत निदान फळं तरी तासन्‌तास शिजवायची नसत. फळं कुटून लगेच उकळत्या पाण्यात टाकायची, पुन्हा उकळी आली की भांडं उतरवायचं, थोडा वेळ ठेवून गाळायचं. गाळणं एकदा नव्हे, परत परत, कारण आतली बारीक कुसं घशाला टोचतात. साखर शेवटी.

मधल्या काळात एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत सोड्याची कारंजी, म्हणजे पेल्यात सोडावॉटर सोडणारी यंत्रं, आली. कडू औषध गिळवण्यासाठी केलेले पाक सोड्यात घालून नुसती मजा म्हणून प्यायले जाऊ लागले. लगोलग नकली चवीही आल्या. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात पेअर आणि अननसाच्या वासाची रसायनं मांडलेली होती. फळाचा वास फळाशिवाय मिळू लागला तो असा.

आता औषधविक्रेत्याच्या त्या कोऱ्या पाकाकडे परत. ब्रिटिश औषधसंहितेत त्याचं प्रमाण 66.7 टक्के साखर, म्हणजे वजनाने दोन भाग साखर आणि एक भाग पाणी. हा आकडा कुणाच्या लहरीवर ठरलेला नाही. 20 अंश सेल्सिअसला पाणी साधारण एवढीच साखर विरघळवून धरतं. यापेक्षा जास्त घातली की थंड झाल्यावर तळाशी खडे जमतात. बरीच कमी घातली तर जंतूंना वापरता येईल इतकं पाणी मोकळं राहतं. लिंबाचे थेंब टाकून शिजवलं की साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि पाक सहसा साखरत नाही.

हल्ली घरी केला जातो तो सम प्रमाणाचा, म्हणजे 50 टक्क्यांचा. तो पटकन मिसळतो, म्हणून पेयांसाठी सोयीचा. पण टिकाऊपणाच्या बाबतीत तो ‘सिरुपस सिंप्लेक्स’ नव्हे. त्यात स्ट्रॉबेरी शिजवून मी एकदा बाटली ओट्यावरच ठेवली. पाचव्या दिवशी झाकण सैल करताच फस्स्‌ झालं आणि गुलाबी फेस मनगटापर्यंत आला. फळ स्वतःबरोबर पाणी घेऊन येतं, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. आता मी चिरलेल्या फळावर साखर भुरभुरून भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते. सकाळी तळाशी सुटलेला रस गाळून त्याचं वजन करते, त्यातून भुरभुरलेल्या साखरेचं वजन वजा करते, उरलेल्याच्या दुप्पट भरेल इतकी साखर (आधीची धरून) घेते आणि ती विरघळेपर्यंतच गरम करते. तरीही बाटली फ्रिजमध्येच जाते.