नवेगावबांधला पक्षी बघायला जाताय? आधी परवाना कोणता लागेल ते पाहा

थंडी सुरू झाली की नागपूरचे पक्षीप्रेमी गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधची वाट धरतात. पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदक हे पाहुणे साधारण ऑक्टोबरपासून विदर्भातल्या तलावांवर उतरू लागतात आणि मार्चपर्यंत परततात. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर उत्तम.

नवेगाव हे राष्ट्रीय उद्यान असून २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्यामुळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार आत जायला परवाना लागतो. पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास आणि संशोधन यांसाठी तो मिळू शकतो.

नुसते पक्षी बघायचे असतील तर काम सोपे आहे. वेगळी पात्रता नाही. वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर गेट, तारीख आणि सकाळ किंवा दुपारची फेरी निवडून बुकिंग करायचे. प्रत्येकाचे नाव ओळखपत्रावर आहे तसेच भरा आणि तेच मूळ ओळखपत्र (आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट) गेटवर दाखवा. परदेशी पाहुण्यांसाठी पासपोर्टच. सोबत गाईड घ्यावा लागतो. साप्ताहिक सुट्टीचा वार आणि शुल्क बुकिंगच्या वेळीच तपासा.

संशोधनाचे मात्र तसे नाही. पर्यटकाच्या तिकिटावर पक्षीगणना किंवा प्रबंधासाठी नोंदी घेत फिरता येत नाही. त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो. राज्याचे हे कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्समधल्या वन भवनात आहे. इथल्या विद्यार्थ्यांनी ही सोय जरूर वापरावी. अर्जासोबत संशोधनाचा आराखडा, महाविद्यालयाचे किंवा संस्थेचे पत्र, मार्गदर्शकांची शिफारस, सोबत्यांची नावे व ओळखपत्रे जोडा. ठिकाण, कालावधी आणि पद्धत नेमकी लिहा. ‘नवेगाव परिसर’ एवढेच लिहिलेत तर पुन्हा विचारणा होणारच. प्रकल्पाच्या स्थानिक कार्यालयाचे मतही घेतले जाते, म्हणून हंगामाच्या बरेच आधी, पावसाळ्यातच अर्ज द्या.

अभ्यासासाठी पक्षी पकडून पायात ओळखीची कडी घालायची असेल तर हा परवाना पुरत नाही. कायद्याच्या दृष्टीने पकडणे ही शिकारच ठरते, त्यासाठी कलम १२ खालची स्वतंत्र परवानगी हवी. ड्रोनही परवानगीशिवाय नेऊ नका.

परवाना मिळाला तरी थवा उडवून फोटो काढणे गुन्हाच आहे. वन्यप्राण्यांना त्रास देण्यास कलम २७ मनाई करते. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात, त्यांना इथे विसावा आणि चारा हवा असतो. दुर्बीण न्या आणि काठापासून लांब थांबा.