संमीलन केंद्राचा आराखडा वाचताना आधी ट्रिटियमचं पान उघडा

हलकी अणुकेंद्रकं एकमेकांत जोडून ऊर्जा काढायची, हे अणुसंमीलन. त्यातून ग्रिडला वीज कधी मिळणार, याच्या तारखा आता सरकारी कागदांवर दिसू लागल्या आहेत. ब्रिटनने ‘स्टेप’ या संमीलन केंद्रासाठी २०२२ मध्ये वेस्ट बर्टन इथली कोळसा वीजकेंद्राची जागा निवडली. लक्ष्य २०४० च्या सुमारास किमान १०० मेगावॉट निव्वळ वीज. युरोपच्या ‘डेमो’ या प्रात्यक्षिक केंद्राचं लक्ष्य ३०० ते ५०० मेगावॉट. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२१ मध्ये २०३५ ते २०४० या काळात किमान ५० मेगावॉटचं पथदर्शी केंद्र सुचवलं. संमीलन जिथे घडतं तो प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, किती कोटी अंशांवर तापतो हे सगळेच ठळक छापतात. आराखड्याचा कस लागतो तो इंधनाच्या हिशेबात.

इंधन दोन, ड्यूटेरियम आणि ट्रिटियम; दोन्ही हायड्रोजनची जड रूपं. ड्यूटेरियम पाण्यातून हवं तेवढं मिळतं. ट्रिटियम निसर्गात जवळपास नाहीच, आणि साठवलेलं दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं. संमीलनातून १ गिगावॉट उष्णता वर्षभर घ्यायची तर सुमारे ५६ किलो ट्रिटियम जळतं. २ गिगावॉट उष्णतेच्या केंद्राला रोज ३०० ग्रॅम लागेल. नागरी वापराचं ट्रिटियम मुख्यतः जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून निघतं, आणि त्याचा जगभरातला साठा अशा एका केंद्राला वर्षभरही पुरणार नाही.

म्हणून केंद्राने आपलं इंधन आपणच तयार करायचं. प्लाझ्माभोवती लिथियमचं वेष्टन असतं, ‘ब्लँकेट’. संमीलनातून सुटलेला न्यूट्रॉन लिथियम-६ वर आदळला की ट्रिटियम आणि हेलियम तयार होतात. पण एका अभिक्रियेत एक ट्रिटियम खर्च होतं आणि न्यूट्रॉनही एकच सुटतो. त्यातले काही सांगाड्याच्या पोलादात शोषले जातात, काही तापवण्याच्या आणि मोजमापाच्या खिडक्यांतून निसटतात. ही तूट भरायला शिसं किंवा बेरिलियम घालतात. वेगवान न्यूट्रॉन त्यांच्या अणुकेंद्रकातून आणखी एक न्यूट्रॉन बाहेर काढतो. जळलेल्या प्रत्येक ट्रिटियममागे एकाहून थोडं जास्त तयार व्हायलाच हवं. साठ्यातलं वर्षाला साडेपाच टक्के आपोआप क्षय पावतं, काही भिंतींत मुरतं, आणि पुढच्या केंद्राचा पहिला साठाही यातूनच काढायचा असतो.

शिसं-लिथियमचा वितळलेला मिश्रधातू सोयीचा वाटतो, पण तो विद्युतवाहक. प्लाझ्माला कोंडून ठेवणाऱ्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रातून वाहताना त्याला ब्रेक लागतो, पंपावरचा भार वाढतो. गरम पोलादातून ट्रिटियम झिरपून थंडाव्याच्या पाण्यात किंवा वायूत उतरतं, म्हणून नळ्यांना आतून लेप द्यावा लागतो. लेपाला तडा गेला की गळती सुरू. दुसरा पर्याय लिथियम सिरॅमिकच्या बारीक गोळ्यांचा. तिथे पंपाची कटकट नाही, पण गोळ्या तापून फुटतात आणि चुरा ट्रिटियम बाहेर नेणाऱ्या वायूची वाट अडवतो.

पोलादाचं दुखणं वेगळं. १४.१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या प्रचंड ऊर्जेचे न्यूट्रॉन त्यातले अणू जागचे हलवतात, शिवाय आत हेलियम तयार करतात. हेलियमचे बुडबुडे साचले की पोलाद ठिसूळ होतं. किरणोत्सार लवकर ओसरावा म्हणून निकेल, मॉलिब्डेनम, नायोबियम टाळून टंगस्टन, व्हॅनेडियम, टँटलम वापरतात. तरीही ब्लँकेट काही वर्षांनी बदलावं लागणारच, आणि तिथे माणूस जाऊ शकत नाही. कित्येक टनांचे उभे भाग रोबोटने उचलायचे, नळ्या कापायच्या, पुन्हा जोडायच्या. हे काम जेवढे महिने चालेल तेवढे महिने वीज शून्य.

आता तारखांकडे परत या. खऱ्या संमीलनात ब्लँकेटचे नमुने तपासण्याची मोठी संधी फ्रान्समधल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय प्रायोगिक भट्टीत आहे. पण २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सुधारित वेळापत्रकानुसार तिथे ड्यूटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत. २०४० ची तारीख धरणाऱ्या देशाला ब्लँकेटचा आराखडा त्याआधी गोठवावा लागेल, म्हणजे पूर्ण आकाराची पहिली चाचणी त्याच्या स्वतःच्या केंद्रातच होईल.